मनाच्या डोहात डोकावणारी पुस्तके

नदीच्या प्रवाहात जिथे पाणी खोल होते आणि त्याची खळखळ थांबते, त्या जागेला मराठीत डोह म्हणतात. पूर्व विदर्भातील गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, गाढवी नदीवर १९७० मध्ये पूर्ण झालेल्या मातीच्या धरणाच्या नावातच हा शब्द आहे : इटियाडोह. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानशेतीला या धरणाचे पाणी मिळते. भोवती जंगल, मधे विस्तीर्ण जलाशय आणि पलीकडे नवेगावबांधच्या टेकड्या. या परिसराचा आणि आत्मचिंतनाला प्रवृत्त करणाऱ्या पुस्तकांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु हा संबंध बराच जवळचा आहे. मराठीतील काही अत्यंत निवांत, वाचकाला स्वतःकडे पाहायला लावणारे लेखन याच पंचक्रोशीतून आलेले आहे, आणि सामुदायिक वाचनाच्या काही जिवंत परंपराही येथे आढळतात.

शहरातील पुस्तकांच्या दुकानांत गेल्या दोन-तीन दशकांत एक कपाट सतत वाढत गेले आहे. यश कसे मिळवावे, वेळ कसा वाचवावा, लोकांवर छाप कशी पाडावी, श्रीमंत कसे व्हावे, या विषयांवरील पुस्तकांचे ते कपाट होय. त्यांतील अनेक पुस्तके उपयुक्त आहेत, हे मान्य करायला हवे. परंतु त्यांचा रोख बहुधा बाहेर असतो. वाचकाने आहे त्याहून अधिक काम करावे, अधिक वेगाने करावे, अशी त्यांची अपेक्षा असते. आधीच थकलेल्या माणसाला ती आणखी एक उद्दिष्ट देतात आणि ते गाठता आले नाही, की अपराधीपणाची भर पडते. याउलट काही पुस्तके वाचकाकडून काहीच मागत नाहीत. ती त्याला थांबवतात, त्याच्या मनात काय चालले आहे ते त्याला दिसू देतात. या दोन प्रकारांतील फरक समजून घेणे आजच्या धावपळीच्या जीवनात अगत्याचे झाले आहे.

गाळ साचतो तेव्हा

भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे म्हणून ओळखले जातात. येथील कोहळी समाजाने शतकांपूर्वी गावोगावी तलाव बांधले. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. जुन्या मालगुजारीच्या काळात या तलावांची पाळ, सांडवा, पाट यांची देखभाल ठरलेली असे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे आले आणि पुढील काळात अनेक ठिकाणी ही नित्याची निगा सुटली. आज 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ते ओळखले जातात. त्यांतील अनेकांची पाळ शाबूत आहे, पाऊसही पडतो. पण तळाशी गाळ साचल्याने पूर्वीइतके पाणी त्यांत मावत नाही.

मनाचेही असेच होते. एखादा मोठा आघात न होताही रोजच्या कुरबुरी, न बोललेले राग, पुढे ढकललेले शोक थराथराने साचतात. माणूस वरवर नीट चाललेला असतो, परंतु त्याची सोसण्याची क्षमता कमी होत जाते. स्वतःची काळजी घेणे म्हणजे चैन किंवा आत्मकेंद्रितपणा, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत आहे. विशेषतः घरातील स्त्रियांच्या बाबतीत. वास्तविक ती तलावाच्या पाळीसारखी नित्याची निगा आहे. ती टळली, तर तोटा एकट्याचा होत नाही, त्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्या सर्वांचा होतो. चांगले चिंतनपर पुस्तक ही निगा राखण्याचे एक साधन आहे.

नवेगावबांधचे अरण्यवाचन

या परिसराला मराठी साहित्यात अढळ स्थान मिळवून दिले ते मारुती चितमपल्ली यांनी. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या चितमपल्लींनी वनखात्यात दीर्घकाळ सेवा केली. कर्नाळा, नागझिरा, मेळघाट यांच्याबरोबरच नवेगावबांध हेही त्यांच्या कामाचे महत्त्वाचे ठिकाण होते. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'नवेगावबांधचे दिवस' आणि 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र अशी त्यांची ग्रंथसंपदा सर्वपरिचित आहे. २००६ मध्ये सोलापूर येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले.

चितमपल्लींची पुस्तके मन सुधारण्यासाठी लिहिलेली नाहीत. त्यांत उपदेश जवळजवळ नाही. तरीही ती वाचल्यावर असंख्य वाचकांना शांत वाटते, याचे कारण त्यांच्या पाहण्याच्या पद्धतीत आहे. एखाद्या पक्ष्याच्या विणीचा हंगाम समजून घ्यायचा, तर तासन् तास एका जागी बसावे लागते. आपली हालचाल, आपला आवाज, आपली घाई आवरावी लागते. हे संयमाने पाहणे त्यांच्या वाक्यांत उतरले आहे. वाचकही नकळत त्याच गतीने वाचू लागतो. दुसरे म्हणजे ज्याच्यापाशी अनुभव आहे, त्या प्रत्येकाकडून ते शिकतात. नवेगावबांधचे माधवराव पाटील असोत किंवा जंगलात वावरणारे आदिवासी असोत, त्यांच्या ज्ञानापुढे लेखक विद्यार्थी होऊन बसतो. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. एखाद्या गोष्टीला नेमके नाव मिळाले, की ती नीट दिसू लागते. हे पक्ष्यांइतकेच मनातील भावनांनाही लागू पडते. 'काहीतरी बिनसले आहे' असे म्हणणारा माणूस आपल्याला राग आला आहे, की भीती वाटते आहे, की कुणाची उणीव भासते आहे, हे ओळखू शकला, तर निम्मा गुंता सुटतो.

याच जातीची आणखी दोन पुस्तके सांगता येतील. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये प्रकाशित झाले. बारा महिन्यांच्या बारा लेखांतून निसर्गाकडे पाहणारे हे पुस्तक दर महिन्याला एक लेख, अशा बेताने वाचले, तर वर्षभर साथ देते. श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांचा 'डोह' हा ललितलेखसंग्रह १९६५ चा. कृष्णाकाठच्या औदुंबर परिसरातील बालपणाचे ते चित्रण आहे. मोठेपणी आपण गमावलेली टक लावून पाहण्याची शक्ती लहान मुलात किती असते, याची जाणीव ही पाने करून देतात.

एकत्र वाचण्याचे बळ

आत्मचिंतन म्हटले, की आपल्यापुढे एकांतात बसलेला वाचक येतो. इटियाडोहच्या परिसरात मात्र वेगळे चित्र दिसते. येथे चिंतनपर ग्रंथ बहुधा चारचौघांत वाचले जातात.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांची 'ग्रामगीता' १९५५ मध्ये सिद्ध झाली. एकेचाळीस अध्यायांच्या या ओवीबद्ध ग्रंथात स्वच्छता, श्रम, आरोग्य, व्यसनमुक्ती, स्त्रीची प्रतिष्ठा, असे विषय आहेत. व्यक्तीचे मन आणि गावाचे जीवन यांना त्यात वेगळे मानलेले नाही. विदर्भातील गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत सामुदायिक ध्यान आणि प्रार्थनेबरोबर तिचे वाचन होते.

तसेच दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात विदर्भातील असंख्य बुद्धविहारांत त्याचे रोज क्रमशः वाचन होते. दिवसभर रोवणीच्या चिखलात राबलेल्या स्त्रिया संध्याकाळी पांढरी वस्त्रे नेसून विहारात येतात, एक जण वाचतो आणि इतर ऐकतात. तीन महिने एकच ग्रंथ. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, हा विचार अशा संथ आवृत्तीने अंगी मुरतो.

इटियाडोहच्या जवळच, गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात, गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकारंभी वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. मायभूमी सुटलेल्या या लोकांनी आपल्याबरोबर ग्रंथांची परंपराही आणली. तिबेटी धर्मग्रंथांची पाने लांबट आणि सुटी असतात. ती कापडात गुंडाळून आदराने उंच जागी ठेवतात. तिबेटी परंपरेत अत्यंत आदराने अभ्यासला जाणारा 'बोधिचर्यावतार' हा शांतिदेवांचा संस्कृत ग्रंथ मूळचा भारतातला, नालंदेच्या परंपरेतला, आठव्या शतकातला. राग कसा ओळखावा, मन कसे सांभाळावे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला कसे ठेवून पाहावे, याची त्यात बारकाईने चर्चा आहे. भारतातून तिबेटात गेलेला विचार हजार वर्षांनी विस्थापितांच्या सोबतीने पुन्हा भारतात, वैनगंगेच्या खोऱ्यात आला, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

या तिन्ही परंपरांत एक समान सूत्र आहे. ऐकणाऱ्याला आपले दुःख एकट्याचे नाही, हे कळते. शहरात राहणाऱ्या, शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या वाचकाने येथून काही घ्यायचे असेल, तर ते हेच. चार स्नेह्यांनी पंधरवड्यातून एकदा जमून एकाच पुस्तकाची दहा पाने मोठ्याने वाचावीत. त्याला फार खर्च येत नाही.

मनाशी बोलण्याची मराठी रीत

स्वतःशी संवाद करणे ही कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. समर्थ रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' थेट मनाला उद्देशून आहेत. मनाला दूर उभे करून, त्याला सज्जन म्हणून हाक मारून त्याच्याशी बोलण्याची ही रीत फार मार्मिक आहे. त्यात मनाला हिणवणे नाही, समजूत घालणे आहे. आपण स्वतःशी किती कठोरपणे बोलतो, याचा विचार केला, तर या पद्धतीचे महत्त्व ध्यानात येते. संत तुकारामांच्या अभंगांतही स्वतःच्या उणिवा, शंका, निराशा यांची उघड कबुली आहे. त्यांची गाथा इंद्रायणीच्या डोहात बुडवली गेली आणि ती पुन्हा वर आली, ही कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपले 'आत्मनिवेदन' रचले. त्यात संसारातील छळ आणि मनाची ओढ यांचे प्रांजळ वर्णन आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःच्या फजितीवर हसण्याचे जे धैर्य आहे, तेही मनाच्या आरोग्याचेच लक्षण मानावे लागेल.

सक्तीच्या एकांतातूनही मराठीत असे ग्रंथ जन्मले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तीच 'गीता प्रवचने'. त्यानंतर १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. ज्यांची बाहेरची हालचाल थांबली होती, त्यांनी आतल्या वाटा धुंडाळल्या.

एका तरुणाची गोष्ट

पुस्तक माणसाला सावरते, याचे मराठीतील सर्वांत बोलके उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे आहे. १८७६ मध्ये गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेल्या या तरुणाला शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. नारळीच्या बागायतीची देखभाल आणि संसार यांत त्याचे मन रमेना, खिन्नता दाटून येई. अशा मनःस्थितीत विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्याच्या वाचनात आले. त्या छोट्याशा लेखाने त्याला दिशा दिली. १८९९ च्या अखेरीस घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा अभ्यासासाठी त्याने केलेला प्रवास १९२४ च्या 'निवेदन' या आत्मचरित्रात आला आहे. पुढे ते पाली भाषेचे थोर पंडित झाले, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी संशोधन केले आणि १९४७ मध्ये विदर्भातच, सेवाग्राम येथे, त्यांचे देहावसान झाले.

या उदाहरणातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, सावरणारे पुस्तक मोठा ग्रंथच असावे लागते असे नाही. मुलांच्या मासिकातील काही पाने पुरेशी ठरू शकतात. दोन, वाचन हा प्रारंभ असतो. कोसंबींना दिशा वाचनाने मिळाली, परंतु पुढील वाट त्यांना गुरू, मित्र आणि कष्ट यांच्या आधारे चालावी लागली.

शास्त्र काय सांगते?

पुस्तकांच्या साहाय्याने मनाला आराम देण्याच्या पद्धतीस 'बिब्लिओथेरपी', म्हणजे ग्रंथोपचार, हे नाव अमेरिकी लेखक सॅम्युएल क्रॉदर्स यांनी १९१६ मध्ये एका लेखात वापरले. पुढे मानसशास्त्रज्ञांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली. डॉ. डेव्हिड बर्न्स यांच्या १९८० मधील 'फीलिंग गुड' या पुस्तकावर झालेल्या अभ्यासांत सौम्य ते मध्यम नैराश्य असलेल्या अनेकांना, पुस्तकातील स्वाध्याय नियमितपणे केल्यास, फायदा झाल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक ग्रंथालयांमार्फत तज्ज्ञांनी निवडलेली पुस्तके सुचविण्याची योजना सुरू झाली. लेखनाबाबतही असेच निरीक्षण आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या क्लेशदायक अनुभवांविषयी लिहिले. पुढील काही महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या इतरांच्या तुलनेत कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफकच आढळला, हेही सांगायला हवे. वाचन आणि लेखन ही जादू नव्हे. सवयीने हळूहळू गुण देणारे ते उपाय आहेत.

मर्यादाही स्पष्ट असाव्यात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली असणे, कशातच रस न वाटणे, जेवणखाण सुटणे, जगणे नकोसे वाटणे, ही लक्षणे असतील, तर पुस्तकावर विसंबून राहू नये. अशा माणसाला 'चांगले काहीतरी वाच, मन रमेल' असा सल्ला देणे क्रूरपणाचे ठरते, कारण त्या आजारात लक्ष एकाग्र करण्याची शक्तीच क्षीण झालेली असते. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर चोवीस तास बोलता येते. जिवावरचे संकट समोर दिसत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने रुग्णालय गाठावे.

कसे वाचावे?

चिंतनपर पुस्तक कादंबरीसारखे एका बैठकीत संपवू नये. रोज दोन-तीन पाने पुरेत. झोपण्यापूर्वीची किंवा पहाटेची एक ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा असावी. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. जे वाक्य अडवून धरेल, तिथे थांबावे आणि ते आपल्याला का लागले, याचा विचार करावा. शेजारी एक वही ठेवून दोन ओळी लिहाव्यात. त्या कुणाला दाखवायच्या नाहीत, त्यामुळे शुद्धलेखनाची वा शैलीची चिंता नको. एखादे पुस्तक कितीही गाजलेले असले आणि ते वाचून आपल्याला सतत कमीपणा वाटत असेल, तर निःसंकोच मिटून ठेवावे. उलट एखादे आवडले, तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा वाचावे. पुस्तक तेच असते, आपण बदललेले असतो, आणि तो बदल दुसऱ्या वाचनातच कळतो. आजारी किंवा शोकग्रस्त माणसाला पुस्तक भेट देताना उपदेशपर निवडू नये. निसर्गाचे, प्रवासाचे, हलक्या विनोदाचे निवडावे. वाचलेच पाहिजे, असा आग्रहही धरू नये.

पुस्तके विकत घेण्याची ऐपत नसणे ही सबब फारशी उरलेली नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार अनुदान मिळणारी सार्वजनिक ग्रंथालये महाराष्ट्रभर आहेत, आणि वर उल्लेखिलेली बहुतेक पुस्तके त्यांत मिळू शकतात. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' साकारले. या योजनेच्या विस्तारासाठी शासनाने ज्या गावांची निवड केली, त्यांत वेरूळ, पोंभुर्ले आणि अंकलखोप यांच्याबरोबर नवेगावबांधचाही समावेश आहे. चितमपल्लींच्या पुस्तकांतून ज्या तलावाची ओळख मराठी वाचकांना झाली, त्याच तलावाच्या गावाला हा मान मिळावा, हे उचितच झाले.

हिवाळ्यात इटियाडोह आणि नवेगावबांधच्या पाण्यावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांच्या मधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सवड झाली, तर त्या सुमारास दोन दिवस काढून तिकडे जावे आणि पिशवीत एकच पुस्तक न्यावे. जाणे शक्य नसेल, तर घराच्या खिडकीपाशी, चहाच्या पेल्याबरोबर, रोजची वीस मिनिटे राखून ठेवावीत. मामा तलावांचा गाळ एका दिवसात निघत नाही. दरवर्षी थोडा थोडा काढत राहावा लागतो, तेव्हा पुढच्या पावसाचे पाणी ठरते.